एका शब्दासाठी जिम मॉरिसनने अमेरिकेतला सगळ्यात मोठा टीव्ही शो घालवला

जिम मॉरिसनच्या कुठल्याही चाहत्याला एड सलिव्हन शोबद्दल विचारा. तो सांगेल की टीव्हीवाल्यांनी गाण्यातला एक शब्द बदलायला सांगितला होता, आणि मॉरिसनने कॅमेऱ्यात डोळे रोखून तोच शब्द सगळ्या अमेरिकेच्या तोंडावर ओरडून फेकला. सांगताना त्याचा आवेश असा असतो की जणू त्या रात्री तो स्टुडिओतच बसला होता.

गंमत म्हणजे त्या कार्यक्रमाची टेप आज कुणालाही पाहता येते. आणि त्या टेपमध्ये मॉरिसन तो शब्द ओरडत नाही. म्हणतो, नक्की म्हणतो. पण रेकॉर्डवर जसा म्हटलाय साधारण तसाच, सुरात, ओळीच्या ओघात. कॅमेऱ्याशी भांडण वगैरे काही नाही. ज्याला ही भानगड माहीत नाही त्याच्या ते लक्षातही येणार नाही.

मग ओरडणारा मॉरिसन आला कुठून? त्यासाठी आधी हा माणूस कोण होता, आणि त्या एका शब्दावरून एवढं काय बिघडलं, ते बघावं लागतं.

जेम्स डग्लस मॉरिसनचा जन्म ८ डिसेंबर १९४३ चा, फ्लोरिडा राज्यातल्या मेलबर्न गावचा. वडील जॉर्ज स्टीफन मॉरिसन अमेरिकी नौदलात अधिकारी. नौदलातल्या माणसाचं घर म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलणार. शाळा बदलायची, मित्र बदलायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा घरातली मुलं एक तर फार मिळून मिसळून वागायला शिकतात, नाहीतर पुस्तकात डोकं खुपसून बसतात. जिम दुसऱ्या गटातला. नित्शे, विल्यम ब्लेक, फ्रेंच कवी रँबो, अमेरिकेतला जॅक केरुआक, असं वाचन त्याने शाळा-कॉलेजच्या वयात केलं होतं.

लहानपणची एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. घरच्यांबरोबर वाळवंटातून गाडीने जाताना रस्त्यावर अपघात झालेला दिसला, अमेरिकेतले मूळनिवासी रक्तबंबाळ होऊन पडलेले होते, आणि त्या मेलेल्यांपैकी कुणाचा तरी आत्मा आपल्यात शिरला, अशी ती गोष्ट. पुढे त्याच्या कवितांत आणि गाण्यांतही ती आली. घरच्यांना मात्र तो प्रसंग इतका भीषण आठवत नव्हता. बहिणीच्या मते जिमला ती गोष्ट सांगायला आवडायचं आणि दर वेळी तो त्यात भर घालायचा. ही सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे त्याच्या चाहत्यांनी त्याच्याबद्दल नेमकं हेच केलं.

ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात जी चकमक झाली, किंवा झाल्याचं सांगितलं गेलं, आणि जिच्यामुळे अमेरिका त्या युद्धात पुरती उतरली, तेव्हा तिथल्या अमेरिकी नौदलाची सूत्रं जॉर्ज मॉरिसन यांच्याकडे होती. पुढे ते रिअर अॅडमिरल झाले. बाप युद्धाच्या सुरुवातीला हजर आणि मुलगा युद्धविरोधी पिढीचा चेहरा, असा हा योग. बँडची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा कंपनीने प्रसिद्धीसाठी जी माहिती दिली, तिच्यात जिमने आई-वडील हयात नाहीत असंच सांगून टाकलं होतं. दोघंही ठणठणीत होते.

मॉरिसन लॉस एंजेलिसला आला तो सिनेमा शिकायला. १९६५ मध्ये तिथल्या विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएमधून, तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्या उन्हाळ्यात व्हेनिस बीचवर त्याला कॉलेजातला ओळखीचा रे मॅन्झारेक भेटला. मॅन्झारेक पियानो वाजवायचा. जिमने स्वतः रचलेलं एक गाणं त्याला तिथेच वाळूवर म्हणून दाखवलं आणि बँड काढायचं ठरलं.

बाकीचे दोघं कसे आले ते आपल्याला जरा जवळचं आहे. मॅन्झारेक, ड्रमवाला जॉन डेन्समोर आणि गिटारवाला रॉबी क्रीगर यांची गाठ पडली ती महर्षी महेश योगी यांच्या ध्यानधारणेच्या वर्गात, लॉस एंजेलिसमध्ये. बीटल्स हृषीकेशला गेले ते १९६८ मध्ये, त्याची जगभर बातमी झाली. ही पोरं त्याच्या तीन वर्षं आधी महर्षींच्या पद्धतीने डोळे मिटून बसत होती. क्रीगरला भारतीय संगीताची ओढ होती, आणि ‘द एंड’ या गाण्यातली त्याची गिटार ऐकली की सतार डोक्यात ठेवून वाजवलीय हे कळतं.

बँडचं नाव ठेवलं ‘द डोअर्स’. आल्डस हक्सलीच्या ‘द डोअर्स ऑफ परसेप्शन’ या पुस्तकावरून, आणि हक्सलीने ते घेतलं होतं ब्लेककडून. बँडमध्ये बास गिटार वाजवणारा कुणी नव्हता. मॅन्झारेक उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने छोट्या की-बोर्डवर बास वाजवायचा. गायक मॉरिसन सुरुवातीला इतका बुजरा होता की लोकांकडे पाठ करून गायचा. पुढे ज्याच्या स्टेजवरच्या वागण्यासाठी पोलीस बोलवावे लागले, तो हाच माणूस.

१९६६ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ क्लबात वाजवत होते. एका रात्री मॉरिसनने ‘द एंड’ गाताना मध्येच ईडिपसची, म्हणजे बापाला मारून आईशी संग करणाऱ्या ग्रीक राजाची कथा आपल्या शब्दांत घुसडली. क्लबमालकाने त्यांना काढून टाकलं. पण त्याच सुमारास इलेक्ट्रा कंपनीच्या जॅक होल्झमनने त्यांना ऐकलं होतं आणि करार झाला होता.

जानेवारी १९६७ मध्ये पहिला अल्बम आला. त्यातल्या पहिल्याच गाण्यात ‘हाय’ असा शब्द होता. हाय म्हणजे उंच, आणि बोलीभाषेत हाय म्हणजे नशेत. रेडिओवाले वाजवणार नाहीत या भीतीने इलेक्ट्राने रेकॉर्ड छापताना तो शब्दच उडवला. गाण्यात तिथे नुसता अर्धवट आवाज ऐकू येतो. आणि बँडने हे मुकाट्याने चालवून घेतलं. पहिला अल्बम, हातात पैसा नाही, कंपनी म्हणेल ते खरं. मूळ शब्द लोकांना ऐकायला मिळाला तो १९९९ च्या सुधारित आवृत्तीत.

बंडखोर म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी आठ-नऊ महिने आधी हीच कात्री सोसली होती, हे चाहत्यांच्या गप्पांत सहसा येत नाही.

मग आलं ‘लाईट माय फायर’. हे गाणं बहुतांशी मॉरिसनचं नव्हतंच. ते लिहिलं होतं रॉबी क्रीगरने, त्याच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी एक. मॉरिसनने कडव्यात थोडी भर घातली, मॅन्झारेकने बाखच्या वळणाची ऑर्गनची सुरुवात दिली, मधला लांबलचक वादनाचा भाग जॅझच्या पद्धतीने चौघांनी मिळून बसवला. अल्बमवर गाणं सात मिनिटांच्या आसपास. रेडिओसाठी मधला भाग कापून ते तीन मिनिटांच्या आत आणलं. जुलैअखेर ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं आणि तीन आठवडे तिथे बसलं.

पहिल्या नंबरचं गाणं म्हटल्यावर एड सलिव्हनचं बोलावणं येणारच.

आज चॅनेल आणि मोबाईलच्या जमान्यात या शोचं वजन कळणं अवघड आहे. एड सलिव्हन हा मूळचा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक. खांदे आखडलेले, चेहरा मख्ख, बोलताना अडखळणारा. टीव्हीवर यायला इतका नालायक माणूस शोधून सापडला नसता. पण १९४८ पासून दर रविवारी रात्री सीबीएसवर त्याचा कार्यक्रम लागायचा आणि निम्मा देश तो घरच्यांसोबत बघायचा. ऑपेरा, जादूगार, विनोदवीर, बोलक्या बाहुल्या, सर्कशीतले कसरतपटू, आणि मध्येच पोरांसाठी एक बँड. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स आले तेव्हा ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं. एका रात्रीत देशभर व्हायचं असेल तर रस्ता इथूनच जायचा. (आपल्याकडे तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर मॉरिसनला जाऊन वर्ष उलटलं होतं.)

सलिव्हनला नुसता खलनायक करून चालणार नाही. जाहिरातदार नाकं मुरडत असताना त्याने कृष्णवर्णीय कलाकारांना वर्षानुवर्षं सन्मानाने बोलावलं. पण आजी आणि नातू एकाच खोलीत बसून कार्यक्रम बघतात, त्यामुळे कुणालाच अवघडल्यासारखं होता कामा नये, हा त्याचा हिशोब होता. आणि त्या हिशोबात गाणाऱ्यांना वाकवलं जायचं. एल्विस प्रेस्लीला जानेवारी १९५७ मध्ये कमरेच्या वरच दाखवलं. मे १९६३ मध्ये बॉब डिलनला एक राजकीय टोमणे मारणारं गाणं गाऊ नको म्हणून सांगितलं, तर तो कार्यक्रम न करताच निघून गेला. जानेवारी १९६७ मध्ये रोलिंग स्टोन्सला रात्र एकत्र घालवण्याबद्दलच्या ओळीत रात्रीच्या जागी थोडा वेळ असं म्हणायला लावलं. मिक जॅगरने शब्द बदलला, आणि म्हणताना डोळे फिरवून नाराजी दाखवली.

म्हणजे डोअर्ससमोर दोन रस्ते आधीच कुणीतरी चालून दाखवलेले होते. डिलनसारखं उठून जा, नाहीतर जॅगरसारखं बदला आणि तोंड वाकडं करा.

१७ सप्टेंबर १९६७, रविवार. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा स्टुडिओ ५०. मॉरिसन तेव्हा २३ वर्षांचा. ‘पीपल आर स्ट्रेंज’ हे नवं गाणं नुकतंच आलं होतं आणि दुसरा अल्बम आठवड्याभरात बाजारात येणार होता, त्यामुळे हा कार्यक्रम अगदी मोक्याच्या वेळी मिळाला होता. सेटवर बँडच्या नावाला शोभेल म्हणून मागे दरवाजेच दरवाजे लावलेले. तालमीनंतर निर्माता बॉब प्रेख्त, जो सलिव्हनचा जावई होता, बँडकडे आला. ‘लाईट माय फायर’मध्ये ‘हायर’ असा शब्द येतो. अर्थ सरळ घेतला तर आणखी वर, आणखी उंच. पण पुन्हा तीच शंका, की हा नशेबद्दल बोलतोय. तेवढा एक शब्द बदला, असं चॅनेलचं म्हणणं होतं.

आता ‘हायर’ हा शब्द त्या कडव्यात यमकाला बसलेला आहे. तो काढला की कडवंच लंगडं होतं. बँडने तरी मान डोलावली. निर्माता गेला.

पुढे काय ठरलं याबद्दल बँडवाल्यांच्याच आठवणी जुळत नाहीत. मॅन्झारेकच्या सांगण्यानुसार बदलायचं नाही हे आधीच ठरलं होतं, होकार फक्त निर्मात्याला वाटेला लावण्यासाठी होता. त्या रात्री निर्मात्यापुढे मात्र थेट प्रक्षेपणाच्या गडबडीत विसरायला झालं, अशी सारवासारव केल्याचं सांगितलं जातं. विसरल्याचं खरं मानणं जड जातं. पण थेट कार्यक्रमात, जे गाणं वर्षभर रोज रात्री गायलं, त्यातला शब्द सवयीने तोंडात येणं अगदीच अशक्य आहे असंही नाही.

कार्यक्रम सुरू झाला. आधी ‘पीपल आर स्ट्रेंज’, मग जाहिरातीचा खोळंबा संपवून ‘लाईट माय फायर’. काळ्या चामड्याच्या पोशाखात मॉरिसन माईकला धरून जवळजवळ जागचा न हलता गातो. पहिलंच कडवं, आणि त्यात तो शब्द, जसाच्या तसा. थेट प्रक्षेपण असल्यामुळे कुणाला काही करता आलं नाही. गाण्याच्या अगदी शेवटी मात्र तो जीव खाऊन किंचाळतो, पण तो ‘फायर’ या शब्दावर, ज्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. लोकांच्या आठवणीत ही किंकाळी सरकत सरकत आधीच्या शब्दावर जाऊन बसली असावी, असं मानायला जागा आहे.

गाणं संपलं, आणि सलिव्हनने नेहमीसारखं बँडशी हस्तांदोलन केलं नाही. टाळ्या वाजवून तो थेट जाहिरातीकडे वळला. मागे प्रेख्त संतापलेला. आणखी सहा कार्यक्रमांची बोलणी चालली होती, ती तिथेच संपली, आणि डोअर्सना पुन्हा या शोमध्ये घेणार नाही असं सांगण्यात आलं. आम्ही तर सलिव्हन शो करून झालो, आता त्याचं काय, अशा अर्थाचं काहीतरी मॉरिसनने त्यावर सुनावलं असं म्हणतात. ते खरं असो वा नसो, त्याला शोभणारं आहे.

तिसरा रस्ता निघाला तो असा. उठून जायचं नाही, शब्दही बदलायचा नाही, हो म्हणायचं आणि गायचं ते गायचं. याला शौर्य म्हणायचं की लबाडी, हे ज्याचं त्याने ठरवावं. निर्मात्याला दिलेला शब्द मोडला हे खरंच आहे. पण थेट प्रक्षेपणात गाण्याचा ताबा शेवटी गाणाऱ्याकडेच असतो, हे त्याने दाखवून दिलं, आणि तेही स्वतःच्या नव्हे तर मित्राने लिहिलेल्या ओळीसाठी.

श्रेय द्यायचं तर मात्र पहिलं श्रेय मॉरिसनचं नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये बो डिडली या कृष्णवर्णीय गायकाला याच शोमध्ये दुसऱ्याचं एक लोकप्रिय गाणं म्हणायला सांगितलं होतं. त्याने ऐन वेळी स्वतःचं गाणं वाजवलं. सलिव्हन भडकला, आणि बो डिडलीला पुन्हा बोलावणं आलं नाही. फरक एवढाच की बंदी आल्याने मॉरिसनची किंमत वाढली. बारा वर्षांत देश बदलला होता, आणि गोऱ्या पोराच्या बंडाला लोक वेगळ्या नजरेने बघत होते, हेही तितकंच खरं.

त्या रात्री ज्यांनी टीव्ही पाहिला, त्यांनी तो एकदाच पाहिला. घरात रेकॉर्डिंगची सोय नव्हती. व्हिडीओ कॅसेटचं यंत्र सामान्यांच्या घरात यायला अजून दहा-बारा वर्षं होती. दुसऱ्या दिवशी शाळेत, कॉलेजच्या आवारात जे सांगितलं गेलं, तेच शिल्लक राहिलं. आणि तोंडी गोष्ट जशी फुगते तशी ही फुगली. सलिव्हनच्या कार्यक्रमांचा सगळा साठा १९९० मध्ये अँड्र्यू सोल्ट यांच्या कंपनीने त्याच्या घरच्यांकडून विकत घेतला आणि मग हळूहळू या फिती लोकांसमोर येऊ लागल्या. पण नेमक्या त्याच वेळी, १९९१ मध्ये, ऑलिव्हर स्टोनचा ‘द डोअर्स’ सिनेमा आला. त्यात मॉरिसनच्या भूमिकेतला व्हॅल किल्मर कॅमेऱ्याकडे झेपावून तो शब्द किंचाळतो. किल्मरने काम इतकं हुबेहूब केलंय की पुढच्या पिढीच्या डोक्यात खरा प्रसंग म्हणून तेच चित्र बसलं. ओरडणारा मॉरिसन आला तो असा, निम्मा गप्पांतून आणि निम्मा सिनेमातून.

मॉरिसनला स्वतःला ही प्रतिमा महागात पडली.

सलिव्हन शोला तीन महिने होण्याआधी, ९ डिसेंबर १९६७ ला, न्यू हेवन शहरात कार्यक्रमाआधी एका पोलिसाने त्याच्या तोंडावर रासायनिक फवारा मारला. मॉरिसनने स्टेजवर जाऊन हे सगळं लोकांना रंगवून सांगायला सुरुवात केली, तेव्हा पोलिसांनी त्याला स्टेजवरूनच उचललं. लोक आता गाणं ऐकायला कमी आणि आज हा काय करतो हे बघायला जास्त येऊ लागले. दारू तर हाताबाहेर गेलीच होती.

१९६८ मध्ये अजून एक प्रसंग घडला, जो सलिव्हनइतका गाजला नाही पण त्याच्याबद्दल जास्त सांगून जातो. मॉरिसन परदेशी असताना बाकीच्या तिघांनी ‘लाईट माय फायर’ ब्यूक मोटारीच्या जाहिरातीला द्यायला होकार दिला. परत आल्यावर तो पिसाळला. स्टेजवर ब्यूक गाडी हातोड्याने फोडीन अशी धमकी त्याने दिली आणि जाहिरात बारगळली. बँडमध्ये पैसा चौघांत सारखा वाटला जायचा आणि प्रत्येकाला नकाराधिकार होता. एकाने नाही म्हटलं की विषय संपला. इथे समोर चॅनेल किंवा पोलीस नव्हते, स्वतःचे मित्र होते. तरी तो तसाच वागला.

१ मार्च १९६९ ची मायामीची रात्र मात्र सगळ्यांना भोवली. दाटीवाटीने भरलेलं, उकाड्याने तापलेलं सभागृह, उशिरा आणि प्यायलेल्या अवस्थेत आलेला मॉरिसन. त्याने गाण्यापेक्षा लोकांना डिवचणंच जास्त केलं. त्याने स्टेजवर विजार उतरवून अंगप्रदर्शन केलं असा आरोप झाला, काही दिवसांनी वॉरंट निघालं. त्या रात्री फोटो भरपूर काढले गेले, पण आरोप सिद्ध करणारा एकही फोटो कोर्टात आला नाही. बँडमधले तिघंही असं काही घडलंच नाही म्हणत राहिले. पण त्याच महिन्यात मायामीत सभ्यतेच्या रक्षणासाठी सुमारे ३० हजार लोकांचा मेळावा भरला, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याचं कौतुक केलं, आणि गावोगावचे कार्यक्रम रद्द होत गेले.

१९७० मध्ये खटला चालला. मोठ्या गुन्ह्यातून तो सुटला, अंगप्रदर्शन आणि शिवीगाळ या दोन आरोपांत दोषी ठरला. सहा महिने सक्तमजुरी आणि ५०० डॉलर दंड. अपिलासाठी जामिनावर सुटला. याच वेळी वडिलांनी फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. मुलाला गाण्यात गती नाही, ते सोडून दे, असं आपणच एकेकाळी सांगितलं होतं, त्यानंतर तो दुरावला यात त्याला दोष देता येणार नाही, आणि मुळात तो चांगला नागरिक आहे, असा त्या पत्राचा आशय. ज्याने बापाला कागदावर मारून टाकलं होतं, त्याच्यासाठी बापाने हे लिहिलं.

मार्च १९७१ मध्ये मॉरिसन पॅरिसला गेला. कविता लिहायच्या होत्या, वजन वाढलं होतं, दाढी वाढली होती, रस्त्यात कुणी ओळखत नव्हतं. ३ जुलैला पहाटे त्याची सहचरी पॅमेला कर्सन हिला तो घरातल्या बाथटबमध्ये मृत सापडला. वय २७. फ्रेंच डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं कारण लिहिलं, शवविच्छेदन झालंच नाही. घाईने, मोजक्या माणसांत पेर लाशेज दफनभूमीत त्याला पुरलं, आणि बातमी बाहेर आली ती त्यानंतर. तो मेलाच नाही, कुठेतरी लपून बसलाय, या अफवा याच फटीतून शिरल्या. योगायोग असा की एड सलिव्हनचा शोही सीबीएसने त्याच वर्षी बंद केला.

सत्तरच्या दशकात डोअर्स जवळजवळ विस्मरणात गेले होते. १९७९ मध्ये कपोलाच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’त ‘द एंड’ वाजलं, १९८० मध्ये जेरी हॉपकिन्स आणि डॅनी शुगरमन यांनी लिहिलेलं चरित्र धडाक्याने खपलं, आणि जी मुलं १९६७ मध्ये पाळण्यात होती ती मॉरिसनची चाहती झाली. सलिव्हन शोची आठवण आज ज्यांच्या तोंडून ऐकू येते, त्यातले बहुतेक या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचे. त्यांनी तो थेट पाहिलेला नाही.

ब्यूकवरून झालेलं भांडण मात्र त्याच्या माघारीही चालू राहिलं. कॅडिलॅकने एका गाण्यासाठी दीड कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा डेन्समोरने नकाराधिकार वापरला. जिमला हे चाललं नसतं, एवढंच त्याचं कारण. पुढे मॅन्झारेक आणि क्रीगर बँडचं नाव वापरून दौरे करू लागले, तेव्हा डेन्समोर कोर्टात गेला, आणि त्याच्या बाजूने मॉरिसनचे घरचेही उभे राहिले. निवृत्त अॅडमिरल वडील मुलाच्या बँडचं नाव राखायला कोर्टात होते. निकाल डेन्समोरच्या बाजूने लागला. जॉर्ज मॉरिसन २००८ मध्ये गेले. मुलाच्या थडग्यावरची ग्रीक अक्षरांची पाटी त्यांनीच बसवून घेतली होती. ९ डिसेंबर २०१० ला फ्लोरिडाच्या मंडळाने मायामी प्रकरणात जिमला मरणोत्तर माफी दिली, तेव्हा ते बघायला नव्हते. माफीची बातमी ऐकून बँडवाले फारसे हरखले नाहीत. जे केलंच नाही त्याची माफी कसली, असा त्यांचा सूर होता.

पेर लाशेजमधलं थडगं चाहत्यांनी इतकं रंगवून आणि खरवडून ठेवलं की शेवटी तिथे कठडे लावावे लागले. १९८१ मध्ये म्लादेन मिकुलिन या क्रोएशियन शिल्पकाराने केलेला मॉरिसनचा अर्धपुतळा तिथे बसवला होता. आठवण म्हणून लोकांनी त्याचे टवके काढले, नाक गेलं, आणि १९८८ मध्ये अख्खा पुतळाच चोरीला गेला. मे २०२५ मध्ये पॅरिसच्या पोलिसांना तो सापडला, तोही एका वेगळ्याच फसवणुकीच्या प्रकरणात झडती घेताना. ३७ वर्षं तो होता कुणाकडे, हे पोलिसांनी सांगितलं नाही. अंगावरची चाहत्यांची अक्षरं मात्र तशीच होती.